येऊ घातलेले प्रोसेसर आणि त्यांची वाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि पानिपत यांच्यानंतर या व्याख्यानमालेचे चौथे पुष्प संगणकाच्या प्रोसेसरवर गुंफले जाणार, हे कळल्यावर काही ज्येष्ठ सभासदांच्या भुवया उंचावल्या असे आमच्या कानांवर आले. त्या उंचावणे स्वाभाविकच होते. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. उभी हयात केंद्र सरकारच्या नोकरीत, फायलींच्या सहवासात गेलेली. चिप कशी घडवितात हे सांगण्याचा अधिकार या बंगळूर शहरात, किंबहुना या सभागृहातच, आमच्यापेक्षा अधिक असणारे निदान पंधरा-वीसजण बसले आहेत, आणि त्यांतील बहुतेक आम्हांस काका म्हणतात. तथापि गेली वीस-बावीस वर्षे संगणकखरेदीच्या फायली आमच्या टेबलावरून जात आल्या. आज घ्यावे की पुढचे येईपर्यंत थांबावे, हा प्रश्न त्या प्रत्येक फाईलमध्ये कोठे ना कोठे असतोच. त्यामुळे 'पुढे काय येणार' याविषयी जे अंदाज सतत छापले जातात, बोलले जातात, त्यांचे आम्ही एक नेमाने वाचणारे वाचक झालो. आज बोलावयाचे आहे ते त्या अंदाजांविषयी. त्यांतही प्रोसेसरच्या वेगापेक्षा त्याच्या बसविषयी अधिक.

बस म्हटल्यावर येथील मंडळींच्या डोळ्यांपुढे मॅजेस्टिकचा गर्दीचा थांबा उभा राहील. तसे पाहता संबंध अगदीच दूरचा नाही. रस्त्यावरच्या बसचे नाव 'सर्वांसाठी' या अर्थाच्या एका लॅटिन शब्दावरून आले आहे, आणि संगणकातील बस म्हणजेही सर्वांनी मिळून वापरावयाची वाट. हे समजावून सांगण्यास आमच्या जवळ आमचेच कार्यालय आहे. वरच्या मजल्यावर अधिकारी बसतो, तळमजल्यावर अभिलेख कक्ष आहे, आणि दोहोंमध्ये जिना चढउतार करणारा एकच शिपाई आहे. अधिकारी कितीही तल्लख असो, फाईल वर आल्याखेरीज त्याची लेखणी चालत नाही. अधिकारी तो प्रोसेसर, अभिलेख कक्ष ती मेमरी, आणि जिना व शिपाई मिळून झाली बस. वारंवार लागणारे कागद ज्या ट्रेमध्ये हाताशी ठेवतात, तो ट्रे म्हणजे कॅश. ट्रे मोठा केला की शिपायाच्या खेपा काही काळ कमी होतात, पण त्याने जिना रुंद होत नाही.

आता थोडे आकडे. इंटेल कंपनीचा पेंटियम ४ हा प्रोसेसर २००० सालच्या नोव्हेंबरात बाजारात आला, तेव्हा त्याची समोरची बस, जिला फ्रंट साइड बस म्हणत, सेकंदाला ४० कोटी खेपा करी आणि प्रत्येक खेपेत ८ बाइट नेई. म्हणजे सेकंदाला ३.२ अब्ज बाइट. २००३ साली हीच बस ८० कोटी खेपांवर आली, आणि २००७ साली १६० कोटींवर. सात वर्षांत चौपट! कोणत्याही शिपायाने अभिमान बाळगावा अशी ही प्रगती. परंतु याच काळात वरच्या मजल्यावर काय झाले? २००६ च्या अखेरीस एका प्रोसेसरमध्ये चार गाभे बसविण्यात आले. एका अधिकाऱ्याच्या जागी चार अधिकारी झाले. १२.८ अब्ज बाइट चौघांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्यास पुन्हा ३.२ अब्जच येतात. आणि २००० सालच्या अधिकाऱ्यापेक्षा हे नवे चौघेही कितीतरी अधिक वेगाने कागद फस्त करणारे. सात वर्षे धावून शिपाई जेथल्या तेथेच होता.

त्यास आणखी का पळविता येईना, हे पाहण्यासारखे आहे. फ्रंट साइड बसवर ६४ विद्युत्संकेत ६४ तारांवरून एकाच वेळी निघत आणि एकाच वेळी पोहोचावे अशी अपेक्षा असे. गणपतीच्या मिरवणुकीत ६४ मुलांची आडवी रांग लेझीम खेळत चालली आहे असे समजा. ताल संथ असेल तोवर रांग सरळ राहते. ताल वाढला की कडेची मुले मागेपुढे होऊ लागतात, आणि कोणते पाऊल कोणत्या ठोक्याचे हे कळेनासे होते. शिवाय त्याच तारांवर एकाहून अधिक प्रोसेसर टांगलेले असले तर प्रत्येक जोड संकेत थोडा गढूळ करतो. यावर उपाय एकच होता: रुंद सामायिक वाट सोडून द्यावयाची, आणि प्रत्येक दोन टोकांमध्ये अरुंद पण स्वतंत्र, अतिशय जलद वाटा घालावयाच्या. आडवी रांग मोडून प्रत्येकास आपापल्या तालावर धावू द्यावयाचे, आणि शेवटी पुन्हा रांग लावून घ्यावयाची.

हा उपाय इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी हिने २००३ सालच्या एप्रिलमध्ये ऑप्टेरॉन नावाच्या प्रोसेसरात करून दाखविला. तिने मेमरीचा कारभार पाहणारे मंडल प्रोसेसरच्या पोटातच घातले, म्हणजे अभिलेख कक्ष अधिकाऱ्याच्या दालनास लागून आणला. आणि दोन प्रोसेसरांमधील संवादासाठी हायपरट्रान्सपोर्ट नावाच्या स्वतंत्र वाटा दिल्या. प्रोसेसर वाढविला की त्याच्याबरोबर त्याचा स्वतःचा अभिलेख कक्षही वाढे. ही कल्पना एएमडीलाच प्रथम सुचली असे मात्र नव्हे. अल्फा या गुणी पण दुर्दैवी प्रोसेसरकुळाच्या शेवटच्या पिढ्यांतील एकीत ती होती, आणि ते कुळ सांभाळणारे अनेक अभियंते २००१ नंतर इंटेलकडेच गेले होते. हे ठाऊक असलेल्या लोकांनी तेव्हापासून तर्क करावयास सुरुवात केली, की इंटेलचे उत्तर काय असेल आणि ते केव्हा येईल.

येथून आमच्या आजच्या विषयास खरा रंग चढतो, कारण त्या तर्कांत आपल्या या शहराचे नाव होते. इंटेल एक नवी जोडणी तयार करीत आहे, तिचे अंतर्गत नाव सीएसआय, आणि ती सर्वप्रथम ज्या झिऑन प्रोसेसरात येईल त्याचे नाव व्हाइटफील्ड, अशी वार्ता पसरली. व्हाइटफील्ड म्हणजे तेच, येथून पूर्वेस असलेले. १८८२ साली डी. एस. व्हाइट या गृहस्थांच्या पुढाकाराने अँग्लो-इंडियन मंडळींची वसाहत म्हणून वसलेले गाव. माणसाचे नाव गावाला आणि गावाचे नाव चिपेला! हा प्रोसेसर येथील अभियंते आखीत होते. तो २००७ च्या सुमारास येणार होता. भारतात आखलेला, इंटेलच्या मोठ्या सर्व्हरांसाठीचा, नव्या वाटेने जाणारा प्रोसेसर, ही बातमी वाचून आम्हांसारख्या बिगरतांत्रिक माणसाचीही छाती थोडी फुगली होती.

२००५ च्या ऑक्टोबरात व्हाइटफील्ड रद्द झाल्याचे जाहीर झाले. त्याच्या जागी टायगर्टन नावाचा प्रोसेसर येणार होता, आणि तो चालणार होता जुन्याच फ्रंट साइड बसवर. चार प्रोसेसरांच्या यंत्रात प्रत्येकास आपापला शिपाई मिळाला, एवढीच काय ती सुधारणा. अभिलेख कक्षाचे दार एकच राहिले. २००७ च्या सप्टेंबरात टायगर्टन झिऑन ७३०० या नावाने बाजारात आला. पुढच्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकने परम युवा हा महासंगणक उभारला, तो याच झिऑन ७३०० प्रोसेसरांचा, ४,६०८ गाभ्यांचा. २००८ च्या नोव्हेंबरात जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत त्यास स्थान मिळाले. त्याआधी एक वर्ष पुण्यातीलच, टाटांच्या सीआरएलने उभारलेला एका हा संगणक त्याच यादीत चौथा आला होता, आणि त्याचे झिऑनही जुन्या बसवरचेच होते. जुन्या वाटेने गेलेली यंत्रेही कामाला येतात, हे विसरता कामा नये. यंत्रायंत्रांमधील जोडणी चांगली असली, परम युवात ती सी-डॅकने स्वतः केलेली होती, की आतल्या जिन्याची अडचण पुष्कळ अंशी सोसता येते.

आणि बंगळूरची ती माणसे? त्यांच्याविषयी फार लिहिले गेले नाही म्हणून मुद्दाम सांगतो. २००८ च्या सप्टेंबरात इंटेलचा सहा गाभ्यांचा डनिंग्टन हा प्रोसेसर आला. १९० कोटी ट्रान्झिस्टरांचा. तो या शहरातील चमूने आखला होता. दोन वर्षे आयुष्य ओतलेली आखणी एका सकाळी बासनात जाते, आणि त्याच शहरातून, ज्या वाटेला पर्याय शोधावयाचा होता त्याच वाटेसाठी, तीन वर्षांच्या आत एक नवा प्रोसेसर पुरा होतो, यास आम्ही मोठे कर्तृत्व समजतो. सरकारी नोकरीत योजना गुंडाळल्या जाण्याचा अनुभव आम्हांस आहे. त्यानंतर तीच माणसे त्याच टेबलाशी बसून दुसरे काम तितक्याच निष्ठेने करतात, असे नेहमी घडत नाही.

नवी वाट इंटेलने आणली, ती २००८ च्या नोव्हेंबरात, नेहॅलेम नावाच्या प्रोसेसरात. तिचे बाजारातील नाव क्विकपाथ. मेमरीचा कारभार पोटात आला, तीन स्वतंत्र मार्गांनी सेकंदाला सुमारे २५.६ अब्ज बाइट येऊ लागले. चार आणि आठ प्रोसेसरांच्या मोठ्या यंत्रांना, म्हणजे व्हाइटफील्ड ज्या जागेसाठी होता त्या जागेला, ही वाट मिळावयास मात्र २०१० चा मार्च उजाडावा लागला.

या सर्व काळात जे अंदाज छापले गेले त्यांचा ताळेबंद मांडला तर एक गोष्ट दिसते. बसविषयीचे अंदाज बव्हंशी खरे ठरले. वेगाविषयीचे सपशेल खोटे. अमेरिकेतील डेव्हिड कँटर या अभ्यासकाने २००७ साली, इंटेलच्या पेटंटांचे कागद धुंडाळून, सीएसआयचे जे वर्णन प्रसिद्ध केले ते वाचून नंतरचा क्विकपाथ ओळखू यावा. उलट पेंटियम ४ चे कुळ १० गिगाहर्ट्झपर्यंत जाईल, असे खुद्द त्या कंपनीच्या गोटातूनच बोलले जात होते. प्रत्यक्षात ते ३.८ वर थांबले. २००४ च्या मे महिन्यात टेजस हा त्याचा वारस रद्द झाला, आणि ऑक्टोबरात ४ गिगाहर्ट्झचा बेतही सोडून देण्यात आला. उष्णता आवरेना. इंटेलच्याच पॅट गेल्सिंगर यांनी २००१ च्या फेब्रुवारीत एका परिषदेत बजावून ठेवले होते, की हाच क्रम चालू राहिला तर चिपेवरील उष्णतेची घनता अणुभट्टीच्या आणि पुढे सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळ जाईल. इशारा घरातलाच होता.

असे का व्हावे? आमची उपपत्ती अशी. वेग हा कंपनीच्या एकट्याच्या मुठीतला आकडा असतो. तो इच्छेतून निघतो आणि भौतिकशास्त्राशी गाठ पडेपर्यंत टिकतो. बस मात्र एकट्याची नसते. मदरबोर्ड करणारे, मेमरी करणारे, सॉकेट करणारे, सर्व्हर जुळविणारे, या सर्वांस दोन-तीन वर्षे आधी सांगितल्याशिवाय नवी बस येऊच शकत नाही. लग्न ठरले की आधी कार्यालयवाला, आचारी आणि छापखाना यांस कळते, तसे हे आहे. म्हणून बसची बातमी फुटते, आणि फुटते तेव्हा तिच्यात तथ्य असते. चुकते ती तारीख. मुहूर्त पुढे ढकलले जातात, क्वचित वरच बदलतो. व्हाइटफील्डचे तेच झाले.

याचा आमच्या व्यवहाराशी संबंध आला तो असा. २००५ च्या सुमारास एका कार्यालयासाठी, नाव घेण्याचे प्रयोजन नाही, सर्व्हर घ्यावयाचे होते. निविदेत अट घातलेली: 'प्रोसेसरचा वेग किमान ३ गिगाहर्ट्झ'. त्या काळी ऑप्टेरॉनचे घड्याळ अडीचच्या आसपास चालत असे, त्यामुळे तो दारातच अडला. वस्तुतः दोन झिऑन एका बसवर बसून ६.४ अब्ज बाइट वाटून घेत होते, तर दोन ऑप्टेरॉन प्रत्येकी तितकेच स्वतंत्रपणे मिळवीत होते. आणि त्या कार्यालयाचे काम तर मोठाल्या नोंदवह्या चाळण्याचे, म्हणजे सर्वस्वी शिपायावर अवलंबून असलेले. अटीच्या शब्दात बसेल तेच घ्यावे लागते. पुढील पाच वर्षे त्या यंत्रापुढे रांगा लागत असत. रांगेत उभे असलेल्या पेन्शनराला गिगाहर्ट्झ म्हणजे काय हे कोणी सांगितले नाही, आणि सांगून त्याची रांग पुढे सरकलीही नसती.

जोडणीचे महत्त्व आपल्या लोकांना ठाऊक नव्हते असे मात्र नव्हे. हव्या त्या ताकदीचा क्रे महासंगणक अमेरिका देईना, म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० उभा राहिला. तो ट्रान्सप्यूटर नावाच्या ब्रिटिश चिपांचा होता. ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची ही चिप त्या मानाने साधीच. तिचे वैशिष्ट्य असे की तिला चार बाजूंनी चार वाटा होत्या आणि शेजारच्या चिपेशी ती थेट बोले. सामायिक बस नाहीच. जे इंटेलने २००८ साली केले त्याचे बीज परम ८००० मध्ये होते असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे वाटेल, पण विचाराची दिशा तीच होती. याच ट्रान्सप्यूटरची टी ९००० ही पुढची पिढी 'येणार, येणार' म्हणून गाजत राहिली. तिला ठरलेला वेग कधीच गाठता आला नाही, आणि वाट पाहणारे दुसरीकडे वळले. परमच्या पुढच्या अवतारांत इंटेलचा आय ८६० आला आणि १९९८ च्या परम १०००० मध्ये सनचा अल्ट्रास्पार्क. गंमत अशी की टी ९००० मेली, पण तिच्यासाठी केलेली वाट जगली: स्पेसवायर नावाने अंतराळयानांतील उपकरणे आज ज्या जोडणीने एकमेकांशी बोलतात, तिचे मूळ तेथे आहे. येथेही बसच टिकली पाहा.

आता आजच्या वदंतांकडे. एकच मोठी चिप घडविण्याऐवजी लहान लहान तुकडे, ज्यांस चिपलेट म्हणतात, एका बैठकीवर जोडण्याची रीत आता रुळली आहे. साहजिकच सर्व जोर तुकड्यांमधील वाटेवर आला. २०२२ च्या मार्चमध्ये यूसीआयई ही त्यासाठीची सामायिक पद्धत जाहीर झाली, आणि तिच्या संस्थापकांत इंटेल व एएमडी शेजारी शेजारी बसल्या. मेमरी अनेक यंत्रांनी वाटून घ्यावी यासाठी २०१९ साली सीएक्सएल निघाले. त्याचे जेन-झी आणि ओपनकॅपी हे दोन प्रतिस्पर्धी २०२२ पर्यंत त्याच्यातच विलीन झाले. पीसीआय एक्सप्रेस ही घरोघरच्या संगणकातील वाट २००३ साली एका मार्गावर सेकंदाला २.५ अब्ज संकेत नेई. २०२५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या सातव्या आवृत्तीत तो आकडा १२८ अब्ज आहे. कागदावरची आवृत्ती दुकानात येण्यास काही वर्षे जातात, हे आपण आता जाणतोच. तांब्याच्या तारेऐवजी प्रकाशच चिपेच्या दारापर्यंत नेण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते होईल असे आम्हांस वाटते. केव्हा, हे आम्हांस विचारू नये, आणि जे छातीठोकपणे वर्ष सांगतात त्यांसही विचारू नये.

आपल्याकडे सी-डॅकने ऑम नावाच्या प्रोसेसरचा आराखडा जाहीर केलेला आहे: आर्म पद्धतीचे ९६ गाभे, तुकड्या-तुकड्यांनी जोडलेले. मद्रासच्या आयआयटीचा शक्ती आणि सी-डॅकचाच वेगा हे रिस्क-फाइव्ह या खुल्या पद्धतीवरचे प्रोसेसर आहेत. २०२४ च्या सप्टेंबरात पुणे, दिल्ली व कोलकाता येथे जे तीन परम रुद्र महासंगणक राष्ट्रास अर्पण झाले, त्यांतील पुण्याचा खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामी आहे. या सर्वांविषयी कोणी उत्साहाने सांगू लागले, की आम्ही गाभे किती हे विचारीत नाही. मेमरीच्या वाटा किती, आणि त्या वाटेसाठी बोर्ड कोण करणार, एवढे विचारतो. बोर्ड करणाऱ्याचे नाव सांगता आले तर बातमी पक्की समजावी.

राहता राहिला घरगुती प्रश्न, जो मंडळाच्या प्रत्येक कोजागरीला कोणी ना कोणी वहिनी विचारतातच: मुलगी कॉलेजात जाते आहे, लॅपटॉप आता घ्यावा की नवा येईपर्यंत थांबावे? वहिनी, आता घ्यावा. मुलीचे पहिले सत्र ठरल्या तारखेस सुरू होते, चिपेचे नाही. फक्त दुकानदार गिगाहर्ट्झ सांगू लागला की त्यास मेमरीविषयी विचारावे: ती एका मार्गावर आहे की दोन, आणि पुढे वाढविता येते की बोर्डावर डाक लावून कायमची बसविली आहे. एवढ्यावर तो गप्प झाला तर शेजारच्या दुकानात जावे. एस. पी. रोडवर दुकानांना तोटा नाही.